बातम्यांतले युद्धाचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मराठी दैनिकांना बातम्या पाठवणारे तालुका वार्ताहर, पत्रकारिता शिकणारी मुले आणि सकाळच्या पेपरातला एखादा मथळा खटकला म्हणून विचारणारे वाचक, अशा तिघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारा बातम्या तपासायच्या टेबलावर बसलेला माणूस आहे, त्यामुळे उदाहरणेही तिथलीच आहेत.

युद्धाचे शब्द बातमीत आले तर बिघडते काय? भाषेला जोर नको का?

जोर हवाच. माझी हरकत वेगळी आहे. असा शब्द बातमीत शिरला की तो बहुतेक वेळा माहितीच्या जागेवर येऊन बसतो. खऱ्या युद्धाची बातमी देताना कोण कोणावर चालून गेले, कशासाठी, किती माणसे होती, किती परतली हे विचारावेच लागते. तोच शब्द रस्त्याच्या किंवा पंचायतीच्या बातमीत आला की यातले काहीच विचारले जात नाही. आवाज मोठा होतो, वाचकाला वाटते कळले, आणि वार्ताहरालाही वाटते की सांगून झाले.

शिवाय गोव्यात खरी लष्करी बातमी वरचेवर येते. दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे, बांबोळीला लष्कराचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र आहे, वास्कोला गोवा शिपयार्ड आहे. सैन्यात मुलगा-मुलगी असलेली घरे आपल्या वाचकांत आहेत. त्यांच्या घरची बातमी लिहायची वेळ येते तेव्हा शब्द शाबूत असायला हवेत.

‘काम युद्धपातळीवर सुरू आहे’ यात नेमके काय चूक आहे? सगळेच लिहितात.

सगळे लिहितात म्हणूनच या एका शब्दप्रयोगावर जरा थांबू. चतुर्थी तोंडावर आली की साधारण अशी बातमी येते (हा नमुना मी रचला आहे) : ‘फोंडा, प्रतिनिधी : गणेश चतुर्थीपूर्वी तालुक्यातील रस्त्यांवरील खड्डे बुजवण्याचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याने युद्धपातळीवर हाती घेतले असून खात्याची यंत्रणा सज्ज झाली आहे.’

आता या वाक्यातून कळलेल्या गोष्टी मोजा. खाते कळले, तालुका कळला. कोणता रस्ता? कुठून कुठपर्यंत? कामावर किती माणसे? रात्री काम चालते का? पाऊस पडत असताना डांबर कसे बसवणार, की नुसती खडी टाकून रोलर फिरवणार? कंत्राटदार कोण, आणि हाच रस्ता त्याने गेल्या वर्षी केला होता का? यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण ‘युद्धपातळीवर’ लिहिल्यावर विचारायचे काही उरले आहे असे वाटलेच नाही.

वार्ताहराला मी हे वाक्य परत पाठवतो आणि कनिष्ठ अभियंत्याला फोन करायला सांगतो. दहा मिनिटांच्या फोनमधून जे येते ते साधारण असे असते : ‘फोंडा ते बोरी पूल या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला सोमवारी सुरुवात झाली. बारा कामगार दिवसपाळीत काम करतात. चतुर्थीच्या चार दिवस आधी काम पूर्ण होईल, असे खात्याने सांगितले.’ आवाज कमी झाला, पण आता ही बातमी तपासता येते. चतुर्थीच्या चार दिवस आधी हेच कात्रण घेऊन त्या रस्त्यावर जाता येते. ‘युद्धपातळी’ला अशी तारीख नसते, म्हणून ती खात्यांना प्रिय आहे. पत्रकात हा शब्द खाते घालते आणि आपण तो जसाच्या तसा छापतो. माझा मुख्य राग यावर आहे.

‘सर्जिकल स्ट्राइक’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. तो का टाळायचा?

त्याचा अर्थ बराच नेमका आहे म्हणून. आधी ठरवलेल्या, मर्यादित लक्ष्यावर अचानक घाव घालायचा, आजूबाजूला कमीत कमी नुकसान होऊ द्यायचे आणि लगेच परतायचे, याला सर्जिकल स्ट्राइक म्हणतात. २९ सप्टेंबर २०१६ रोजी लष्कराच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी नियंत्रण रेषेलगतच्या दहशतवादी तळांवरच्या कारवाईबद्दल हा शब्द जाहीरपणे वापरला. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता तोच ८ नोव्हेंबरची नोटाबंदी ‘काळ्या पैशावर सर्जिकल स्ट्राइक’ ठरली. आजूबाजूला कमीत कमी नुकसान हा ज्याचा गाभा, तो शब्द देशातल्या प्रत्येक खिशाला हात घालणाऱ्या निर्णयाला लावला गेला. त्यापुढे किनाऱ्यावरच्या बेकायदा शॅक (तात्पुरत्या खानावळी) पाडणे, फुटपाथवरचे गाडे हटवणे, पक्षातून कुणाला काढणे, सगळेच सर्जिकल झाले.

सरकार स्वतः मात्र हे शब्द जपून वापरते. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोटच्या हवाई हल्ल्याला परराष्ट्र सचिवांनी ‘लष्करी नसलेली, प्रतिबंधात्मक कारवाई’ म्हटले होते. लक्ष्य पाकिस्तानी लष्कर नव्हते, दहशतवादी तळ होता, हे त्या एका विशेषणातून जगाला सांगायचे होते. एका विशेषणावर इतका विचार होतो. शॅक पाडला असेल तर ‘शॅक पाडला’ लिहा, आणि पाडण्याचा आदेश कुणाचा, नोटीस कधी दिली होती, हेही लिहा.

जवानाच्या मृत्यूच्या बातमीत ‘शहीद’ लिहावे का?

या प्रश्नावर वाचक सर्वांत जास्त दुखावतात, म्हणून सविस्तर सांगतो. सैन्याच्या अधिकृत भाषेत ‘शहीद’ हा शब्द नाही. २०१७ मध्ये संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी केंद्रीय माहिती आयोगापुढे तसे सांगितले. २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयानेही आपल्या सर्व विभागांना हा शब्द टाळायला सांगितले. सैन्याच्या नोंदीत युद्धात किंवा कारवाईत झालेली हानी आणि अपघात-आजाराने झालेली हानी असे वेगळे वर्ग असतात. घरच्यांना मिळणारे निवृत्तिवेतन आणि इतर लाभ त्या वर्गावर ठरतात. म्हणजे मृत्यू कसा झाला हे नीट लिहिणे ही त्या घराच्या दृष्टीने व्यवहाराचीही बाब आहे.

आपल्याकडे ‘वीरमरण’ आहे, ‘धारातीर्थी पडले’ आहे, ‘प्राणार्पण केले’ आहे. लढताना मरण आले असेल तर हे शब्द शोभतात आणि ते जरूर वापरावेत. पण बर्फाचा कडा कोसळून, गाडी दरीत जाऊन किंवा हृदयविकाराने जवान गेला असेल तर तसेच लिहावे : ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’. यात त्याचा मान तिळभरही कमी होत नाही. सहा हजार मीटर उंचीवर पहारा देताना गोठून मरणे म्हणजे काय, हे सरळ शब्दांत सांगितले तर वाचकाला जास्त कळते.

‘हुतात्मा’ शब्दाचे गोव्यात वेगळे वजन आहे. आसनोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोर्तुगीज कोठडीत छळाने गेले. गोवा मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मारली गेली. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीला पडलेले कर्नेलसिंग त्यांतलेच. पत्रादेवीच्या स्मारकापुढे उभे राहिल्यावर ‘हुतात्मा’ म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. पक्षाच्या तिकिटाला मुकलेल्या नेत्याला ‘हुतात्मा’ करणारा मथळा माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.

दहशतवाद्यांना ‘कंठस्नान’ लिहिले तर त्यात काय वाईट?

कंठस्नान म्हणजे गळा चिरून रक्ताने न्हाऊ घालणे. दूरवरून झालेल्या गोळीबाराला हा शब्द लावताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे काहीच नसते. ‘यमसदनी धाडले’, ‘खात्मा’, ‘टिपले’ यांचेही तेच. उलट्या टोकाला ‘निष्प्रभ केले’ आहे. तिथे माणूस मेला की जखमी झाला की पळाला हेच कळत नाही. ‘ठार’ हा छोटा, स्वच्छ मराठी शब्द आपल्याकडे आहे. कोणी ठार केले, कुठे, ओळख कोणी पटवली, हे त्याच्यापुढे लिहावे. आणि चकमक झाली हे पोलिसांचे म्हणणे असेल तर ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द गाळू नयेत.

निवडणुकीत ‘लष्कर तैनात’ असे छापून येते. ते लष्कर असते का?

जवळजवळ कधीच नाही. निवडणुकीला येतात त्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कंपन्या : सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी. ही दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. लष्कर, नौदल आणि हवाई दल संरक्षण मंत्रालयाकडे आहे. पूर्वी या पोलीस दलांना सरसकट ‘निमलष्करी’ म्हणत, पण २०११ पासून गृह मंत्रालयाने ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दल’ हेच नाव ठरवले आहे. गोव्यात आयआरबीचे जवान बंदोबस्ताला दिसतात. ते इंडिया रिझर्व्ह बटालियनचे, म्हणजे राज्याच्या पोलिसांचेच.

फरक फक्त गणवेशाचा असता तर मी आग्रह धरला नसता. एखाद्या गावात लष्कर आले म्हणजे नागरी प्रशासनाला परिस्थिती आवरेना, दंडाधिकाऱ्याने सैन्याची मदत मागितली, असा अर्थ निघतो. मतदान केंद्राबाहेर उभ्या असलेल्या सीआरपीएफच्या शिपायामुळे गावात अशी अफवा पसरावी, हे चांगले नाही.

‘कंपनी’ आणि ‘तुकडी’ यांतही गोंधळ होतो. कंपनीत ढोबळमानाने शंभर-सव्वाशे माणसे, बटालियनमध्ये आठशेच्या आसपास. ‘तुकडी’ दहाचीही असते आणि हजाराचीही, म्हणून आकडा विचारून घ्यावा.

नौदल आणि तटरक्षक दल यांत चूक झाली तर एवढा गहजब का?

मुरगाव बंदर असलेल्या राज्यात ही चूक शोभत नाही. तटरक्षक दल १९७७ मध्ये उभे राहिले, १९७८ मध्ये त्याला स्वतंत्र कायदा मिळाला. संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखालीच असले तरी ते वेगळे दल आहे. वादळात अडकलेल्या ट्रॉलरवरच्या खलाशांची सुटका, समुद्रातले तेलाचे तवंग, तस्करी, ही त्याची कामे. ओळखायला सोपे आहे : नौदलाची जहाजे करड्या रंगाची आणि नावापुढे ‘आयएनएस’. तटरक्षक दलाची पांढरी, बाजूला तिरके पट्टे, नावापुढे ‘आयसीजीएस’. किनाऱ्यावर बुडणाऱ्याला काढणारे जीवरक्षक आणि सागरी पोलीस हे या दोघांपेक्षाही निराळे. खलाशांना वाचवणाऱ्याचे नाव चुकले तर श्रेय भलत्याला जाते. तक्रार करायची असेल तर तीही भलत्याकडे जाते.

गोवा शिपयार्डमधून पाण्यात उतरणारे प्रत्येक जहाज ‘युद्धनौका’ नसते. तिथे गस्ती नौका बनतात, प्रदूषण नियंत्रणाची जहाजे बनतात, आणि फ्रिगेटही बनतात. प्रकार विचारून लिहावा.

दाबोळीच्या विमानांबद्दलही तेच. मिग-२९के हे लढाऊ विमान खरे, पण ते नौदलाचे, हवाई दलाचे नव्हे. पी-८आय हे सागरी टेहळणीचे आणि पाणबुडीविरोधी विमान. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी वेर्णे भागात मिग-२९के कोसळले ते प्रशिक्षणाच्या उड्डाणावर होते, कारण पक्ष्यांचा थवा आदळल्याचे सांगितले गेले, आणि दोन्ही वैमानिक वाचले. एवढ्या चार गोष्टी नीट लिहिल्या की ‘थरार’ वगैरे जोडावे लागत नाही. विमानतळाच्या प्रवासी इमारतीची सुरक्षा सीआयएसएफकडे आणि धावपट्टी नौदलाकडे, हेही ध्यानात असू द्या. उड्डाणे खोळंबली की चूक कुणाची हे लिहिताना ते उपयोगी पडते.

‘कॅप्टन’ हा हुद्दा मोठा की लहान?

दलावर अवलंबून आहे. लष्करातला कॅप्टन तरुण अधिकारी असतो. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. दक्षिण गोव्याचे खासदार विरियातो फर्नांडिस यांच्या नावापुढचे ‘कॅप्टन’ नौदलातले आहे. गोव्यात आणखी एक भर पडते : घरटी तारवोटी (जहाजावर नोकरी करणारे) असलेल्या गावांत कॅप्टन म्हणजे व्यापारी जहाजाचा प्रमुख, ज्याचा सैन्याशी संबंध नसतो. म्हणून हुद्द्यापुढे दल लिहावे. ‘निवृत्त नौदल अधिकारी कॅप्टन अमुक’ असे.

पक्ष सोडणाऱ्या आमदारांना ‘बंडखोर’ म्हणणे बरोबर आहे का?

हा शब्द मला फार जवळचा आहे, म्हणून त्याच्या वापराबद्दल मी हट्टी आहे. गोव्यात बंड म्हणजे काय ते सत्तरी तालुक्याने दाखवले. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला. १८९५ मध्ये मोझांबिकला लढायला जाणार नाही म्हणून पणजीतल्या मराठा शिपायांनी हुकूम झुगारला, राणे त्यांना मिळाले, आणि ते मोडायला लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला. बंड सत्तेविरुद्ध असते आणि त्याची किंमत बंड करणारा मोजतो.

जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. दोन्ही वेळा ते विरोधी बाकांवरून सत्तेच्या बाकांवर गेले. याला मराठीत पक्षांतर म्हणतात. ‘बंड’ म्हटले की त्यात आपोआप शौर्य येते आणि कायद्याचा प्रश्न मागे पडतो. प्रश्न होता तो राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा : दोन तृतीयांश आमदार फुटले की विलीनीकरण मानायचे का? वाचकाला ते समजावून सांगायला हवे होते. ‘ऑपरेशन’, ‘धक्कातंत्र’, ‘खिंडार’ या शब्दांनी मथळे भरले आणि परिशिष्ट शेवटच्या परिच्छेदात गेले.

१९६१ ची कारवाई ‘युद्ध’, ‘मुक्ती’ की ‘पोलीस कारवाई’?

मुक्ती. यावर माझ्या मनात शंका नाही, आणि गोव्यातल्या मराठी वाचकाच्या मनातही ती नसते. पोर्तुगीज कागदपत्रांत ‘आक्रमण’ सापडेल. ते त्यांचे म्हणणे म्हणून अवतरणात द्यावे.

पण मुक्ती म्हणताना ती कशी झाली हे झाकू नये. ‘पोलीस कारवाई’ हा शब्द मला त्यासाठीच पटत नाही. ऑपरेशन विजयमध्ये लष्कर, नौदल आणि हवाई दल तिन्ही उतरले होते. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली १७ वी इन्फंट्री डिव्हिजन, ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड, उसगाव-फोंड्याच्या वाटेने आलेली मराठा पॅरा बटालियन. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण पडले. त्यांचे स्मारक नौदलाच्या आयएनएस गोमंतक या तळावर आहे. पोर्तुगीज सैनिकही मेले. लिस्बनहून शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम होता, तरी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागतीवर सही केली आणि पणजी उद्ध्वस्त व्हायची वाचली. मायदेशी त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढण्यात आले. शरणागतीला एवढी किंमत होती. विधेयक मागे घेतले म्हणून ‘सरकारची शरणागती’ लिहिणाऱ्याने हे एकदा वाचावे.

एक सावधगिरी : १९९९ च्या कारगिल मोहिमेचे नावही ऑपरेशन विजयच होते. नुसते नाव लिहिले तर तरुण वाचक कारगिल समजतो. वर्ष जोडावे.

नाकाबंदी, जमावबंदी, संचारबंदी : तिन्ही एकच ना?

नाही. पोलीस रस्त्यात गाड्या थांबवून तपासतात ती नाकाबंदी. जमावबंदी म्हणजे ठरावीक संख्येहून जास्त लोकांनी एकत्र येण्याला मनाई. जुने कलम १४४, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. संचारबंदीत घराबाहेर पडण्यालाच मनाई असते. जमावबंदीच्या आदेशाला ‘संचारबंदी’ म्हटले की दुकाने विनाकारण बंद होतात.

आणि नाकेबंदी, म्हणजे बाहेरून येणारा मालच अडवणे, काय असते ते गोव्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा तांदूळ, बटाटे, सिमेंट दूरदेशीहून जहाजाने येई. भाजीच्या चार गाड्या चोर्ला घाटात दरड कोसळून अडकल्या तर ती नाकेबंदी होत नाही.

सीमेवरच्या बातम्या लिहिताना कुठे घसरण होते?

रेषांपासून सुरुवात होते. पंजाब-राजस्थानला आंतरराष्ट्रीय सीमा. काश्मीरमध्ये १९७२ च्या सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा. चीनच्या बाजूला प्रत्यक्ष ताबारेषा. तिन्हींना ‘सीमा’ म्हटले तर कोणी काय ओलांडले तेच समजत नाही.

१० मे २०२५ रोजी परराष्ट्र सचिवांनी सांगितले की भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी सायंकाळी पाचपासून जमीन, हवा आणि समुद्रावरचा गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचे ठरवले आहे. मथळ्यांत त्याचे युद्धविराम, शस्त्रसंधी, युद्धसमाप्ती, तह असे सगळे काही झाले. तह म्हणजे अटींसह लेखी करार. समाप्ती म्हणजे शेवट. यांतले काहीच झालेले नव्हते. ‘गोळीबार थांबवण्यावर सहमती’ हा मथळा दोन ओळींत बसतो. त्याआधी ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालल्या, ज्या खऱ्या नव्हत्या. अशा रात्री भाषा सैल सोडली तर तथ्येही सैल सुटतात. संरक्षण मोहिमांचे थेट प्रक्षेपण करू नये ही सूचनाही एप्रिलमध्येच निघाली होती.

आजाराच्या बातमीत ‘लढाई’, ‘योद्धा’ चालेल का?

रुग्ण स्वतः म्हणत असेल तर त्याच्या तोंडी जरूर. बातमीदाराने मात्र ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ लिहू नये. गेलेला माणूस हरला, असे त्यातून त्याच्या घरच्यांना वाचावे लागते.

कोविडच्या काळात परिचारिकांना ‘योद्धे’ म्हटले गेले. कौतुक मनापासून होते. पण योद्ध्याने मरणाची तयारी ठेवायची असते, परिचारिकेने का ठेवावी? तिला मास्क, पाळीनंतर विश्रांती आणि वेळेवर पगार हवा होता. मे २०२१ मध्ये गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या) मृत्यूंवरून उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जो प्रश्न आला तो प्राणवायूचा पुरवठा, सिलिंडर आणि त्यांची ने-आण यांचा होता. युद्धात माणसे मरायचीच, असे मनाने एकदा धरले की हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

‘परप्रांतीयांचे आक्रमण’, ‘घुसखोर’ हे शब्द वाचकांच्या पत्रांत फार येतात. छापावेत का?

घुसखोरी नियंत्रण रेषा चोरून ओलांडणाऱ्याची असते. भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे, तेव्हा तो गोव्यात घुसखोर ठरत नाही. भाडेकरू पडताळणीला ‘कोम्बिंग ऑपरेशन’ म्हटले की भाड्याच्या खोलीत राहणारा गवंडी संशयित होतो.

गोंयकाराची भीती मात्र खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. डोंगर कापले जात आहेत, शेते बुजत आहेत. पण ‘आक्रमण’ म्हटले की जमीन विकणारा, रूपांतराला मंजुरी देणारा आणि फाईलवर सही करणारा, तिघेही बातमीतून निसटतात. नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली कोणत्या गावातली किती चौरस मीटर जमीन बदलली, अर्ज कोणाचा होता, हे लिहा. म्हादई नदीबद्दलही असेच. ‘पाण्याचे युद्ध’ वर्षानुवर्षे छापले, पण जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले, आणि कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा-भांडुरावरून वळवायचे आहे, हे किती वाचकांना ठाऊक आहे? ‘लढा’ म्हणा, तो आपला हक्काचा शब्द आहे. आकडे शेजारी ठेवा.

मग मोर्चा, मोहीम, आघाडी, बालेकिल्ला हेही टाकायचे?

मुळीच नाही. हे शब्द रणांगणावरून येऊन केव्हाच संसारी झाले आहेत. मोर्चा म्हटल्यावर कुणाला तोफांचा मोर्चा आठवत नाही, अर्थ स्वच्छ पोचतो. विधानसभेचे ‘मार्शल’ही तसेच, ते सभागृहाचे कर्मचारी आहेत आणि त्यांचे नाव तेच आहे. क्रीडापानावर ‘धुव्वा’ उडाला तरी माझी तक्रार नाही. फक्त भारत-पाकिस्तान सामन्याला ‘महायुद्ध’ नको.

वाचक म्हणून मी काय करू शकतो?

संपादकांना पत्र लिहा, पण ‘आजकालची पत्रकारिता’ असे मोघम लिहू नका. बातमीची तारीख, पान, मथळा द्या. खटकलेला शब्द सांगा आणि त्या जागी तुम्हाला कोणती माहिती हवी होती ती विचारा : किती माणसे, कोणता रस्ता, कुणाचा आदेश. सैन्यातून निवृत्त झालेला कुणी ओळखीचा असेल तर हुद्दा किंवा दल चुकल्याचे त्याच्याकडून पक्के करून घ्या. अशी पत्रे टेबलावर वाचली जातात. पत्रावर नाव, गाव आणि फोन नंबर असावा, म्हणजे छापण्याआधी विचारता येते.